तिसरं पाणी

बनियन ओलं होतं. तिच्या नातीचं, मुंगीचं, पांढरं बनियन, सकाळी तिने स्वतः पिळून, झटकून दोरीवर टाकलेलं... दुपारपर्यंत कडकडीत वाळायला हवं होतं, आणि त्याच्या काठाला थेंब लोंबत होता. म्हणजे सुनेने आजही तेच केलं. सासूने धुतलेला कपडा उतरवायचा, न्हाणीत नेऊन पुन्हा खळबळायचा, परत त्याच चिमट्यांना अडकवायचा, आणि वर साळसूदपणे विचारायचं, ‘आई, पडताय का जरा?’ भांडली असती तर मान दिला असता. पण हिची पावलं मांजराची.

तीन इयत्ता शिकलेल्या बाईजवळ मिरवायला असतं काय? तिच्याजवळ पांढरेशुभ्र कपडे होते. तिची सासू, चिमटीने मीठ टाकावं तसं कौतुक करणारी, तीसुद्धा म्हणायची – धुणं बघावं तर हिचं, तीन पाणी काढते, साबणाचा अंश ठेवत नाही.

आतून खर्र खर्र आवाज आला. मुंगी दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. हवा कोरडी पडली की दरवर्षी हेच – गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या घड्यांत कातडी लाल व्हायची, मग भेगाळायची. पण एवढं पाठीपर्यंत कधी चढलं नव्हतं. नखं कापली, मलम झालं, अंघोळीचं पाणी कोमट केलं. कातडीची डॉक्टरीण म्हणाली होती, कपड्यात साबण राहता कामा नये, आणि ते ऐकून आजीला हसू आलं होतं. आमच्या घरी? राहीलच कसा?

“ये गं, फुंकर घालते.”

“नको आज्जी. तुझा वास चावतो.”

“वास कधी चावतो का, मुंगे? चावायचं काम तुझं.”

“तुझा चावतो,” पोर म्हणाली, आणि कोपरं पोटाशी धरून मागे सरकली. पाच वर्षांची पोर – माझ्यापासून मागे सरकली.

आजी न्हाणीत गेली. तांब्याभर पाणी बादलीत ओतलं, दोरीवरचं दुसरं बनियन – सुनेचा हात न लागलेलं, वाळून कडक झालेलं – त्यात बुडवलं, चुरलं. पाणी पिठूळ झालं. बोटांना बुळबुळीत लागलं. ती बघत राहिली... किती पाणी काढलंस? सांग ना, इथे कोण ऐकतंय? एक. थंडी पडल्यापासून एकच. गार पाण्यात बोटं वळत नाहीत, पेरापेरांतून सुया निघतात, आणि पिळा सुटला की मी आधी दाराकडे बघते, कुणी पाहिलं तर नाही. तीन पाण्यांची बाई! दुसरं-तिसरं पाणी नुसतं तोंडात, बादलीत एकच.

मग तिने सुनेने खळबळलेलं ते ओलं बनियन दोरीवरून काढून आणलं, ताज्या पाण्यात बुडवलं. तेही गढूळलं – थोडंसं, पण गढूळलं. क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून? नवऱ्याजवळ बोलली नाही, शेजारी बोलली नाही. हा माझा अपमान म्हणायचा की माझी झाकलेली अब्रू? पोरीची पाठ सोलली जात होती आणि आम्ही दोघी मुक्याने एकमेकींचा मान राखत होतो...

“आई?” मलमाची ट्यूब हातात घेऊन सून दारात उभी. तिची नजर बादलीकडे गेली, मग बनियनकडे. “ते... दोरीवरून पडलं होतं. माती लागली म्हणून जरा...”

“रोज पडतं?”



सासूने ठणकणारी बोटं काखेत दडवली आणि हनुवटी वर केली. म्हणाली, “खोटं बोलता येत नाही तुला, आणि धुताही येत नाही. चोरून धुतेस, तेही अर्धवट. एका पाण्यानं जातो होय साबण? उद्यापासून माझ्यासमोर बसायचं. तिसरं पाणी कसं काढतात ते मी स्टुलावरून सांगीन. हात तुझे.”