उंबऱ्याबाहेरची कुबडी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी काही राजाच्या हातातला दंड नाही. पातूरकडच्या बाभळीची मी एक जुनी कुबडी आहे. वरच्या आडव्या दांडीची चिंधी चार वेळा बदलली, खालचं टोक झिजून बोटभर आखूड झालं, पण स्वभाव बाभळीचाच राहिला. बोलणं टोचलं तर वाईट वाटून घेऊ नका.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आमचं गाव मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या मधलं. नाव सांगत नाही. त्या कचेरीतल्या माणसांची नातवंडं अजून तिथं सुखानं नांदत आहेत, त्यांना कशाला खाली बघायला लावू?

गावात पार्वताबाई नावाची माळ्याची बाई होती. जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्राला कापूस लावायच्या कामाला जायची. एक दिवस लुगड्याचा काठ यंत्राच्या पट्ट्यात सापडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. घरात म्हातारी आई, तिसरं कोणी नाही. वर्षभर पार्वताबाई हातांवर सरपटत फिरली. बाजारात पोरं मागून तिची नक्कल करायची. शेवटी तिनं उत्तमराव सुताराला गाठलं आणि म्हणाली, "दादा, मले चालाचं आहे. सरपटून पाहून घेतलं. आता मेली तरी सरपटणार नाई."

उत्तमरावानं वखराच्या दांडीसाठी ठेवलेलं लाकूड काढलं आणि मला घडवलं. पहिल्या दिवशी ती माझ्यावर रेलून उभी राहिली तेव्हा तिची आई ओसरीवर बसून हमसून हमसून रडली. मीही रडले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

पार्वताबाई शेवंतीचे हार करायची. पण हार सणावाराला खपतात, पोट रोजचं. गावच्या कमिटीकडून आंधळ्या-पांगळ्यांना दर रविवारी पाच शेर ज्वारी मिळायची. अशी बत्तीस माणसं होती. त्या ज्वारीवर मायलेकींची चूल पेटायची.

मग कापसाचे भाव पडले, बाजार बसला, आणि कमिटीनं ठरवलं की ज्वारी घेणाऱ्यांची तपासणी करायची. जो खरा लाचार त्याचंच नाव ठेवायचं. बाहेरून एक तपासनीस साहेब आले.

त्या दिवशी काय झालं ते नीट ऐका, कारण चूक आमच्याच माणसांची होती. पार्वताबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. साहेबासमोर जायचं म्हणजे नीटनेटकं नको? कचेरीच्या दारात चपराशी ओरडला, "जोडे, काठ्या बाहेर!" कोणालाच काही वाटलं नाही. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या बैठकीत काठी टेकत कोण जातं? जोड्यांशेजारी काठी ठेवायची, हीच रीत. पार्वताबाईनं मला भिंतीला टेकवलं, वरून हात फिरवला आणि भिंतीच्या आधारानं आत गेली. साहेबानं नाव विचारलं, तर खिडकीचा गज सोडून, दात आवळून, एका पायावर ताठ उभी राहिली. अदब म्हणून!

मी बाहेर जोड्यांच्या ढिगात. किती हाका मारल्या तिला! अगं बाई, बस खाली, पड एकदाची! पण लाकडाची हाक कोण ऐकतो?

रविवारी ज्वारी घ्यायला गेली तर नाव कापलेलं. शेरा असा होता : आधाराविना उभी राहते. किसनराव जन्मांध, पण पूर्वी त्याच कचेरीत पंख्याची दोरी ओढायचा, म्हणून पावलं मोजून सरळ साहेबाच्या टेबलापाशी गेला. त्याचा शेरा : आधाराविना चालतो. बत्तीसांतली सव्वीस नावं गेली. सव्वीस घरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पार्वताबाईची शेजारीण सिंधू. तिचा भाजीचा मळा होता आणि जीभ मिरचीसारखी. तिनं सगळ्यांना मळ्यातल्या विहिरीवर गोळा केलं. बापूसाहेब वकिलांनाही ओढून आणलं. बापूसाहेबांनी एक पैसा न घेता अमरावतीला वरच्या साहेबांकडे अर्ज धाडला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. फेरतपासणी एकदाच होईल, बाजाराच्या दिवशी, त्याच साहेबांपुढे. ते जे लिहितील ते कायम.

तोवर पार्वताबाईच्या घरी एक वेळची भाकर राहिली होती, तीही आईच्या ताटात. तिचं वजन माझ्यावर रोज हलकं पडत होतं. हे फक्त मलाच कळत होतं, आणि माझा जीव तुटत होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब मळ्यात आले. म्हणाले, "पार्वताबाई, उद्या काठी बाहेर राहिली तरी हरकत नाही. तुम्ही सगळे दारापासून टेबलापर्यंत सरपटत जा. साहेबांना डोळ्यांनी दिसू द्या. आपण जिंकलोच."

पार्वताबाईच्या मुठीत मी करकरले.

"वकीलसाहेब, मी सरपटणार नाई."

"अहो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे!"

"पाच मिनिटांचा काहून? गावाले जन्मभर दिसन ते. ज्वारी पाहिजेच मले. पण माणसावानी पाहिजे."

बापूसाहेब चिडले. "मग उद्या नाव गेलं तर माझ्याकडे येऊ नका! आणि तुमच्या हट्टापायी बाकीच्यांचंही जाईल."

हे खरं होतं, म्हणूनच ते लागलं. किसनराव हळूच म्हणाला, "पार्वता, माह्या घरी तीन लेकरं आहेत वं." तिनं मला टेकवलं आणि वाट धरली. घरी येईपर्यंत माझ्या दांडीवर तिच्या डोळ्यांचं पाणी टपटपत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरलाच नाही. सिंधूनं माळणींना काय सांगितलं कोण जाणे, एक वांगं गावात आलं नाही. पन्नासेक माळणी रिकाम्या टोपल्या घेऊन कचेरीच्या आवारात बसल्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भांडलं नाही. त्या नुसत्या दाराकडे बघत होत्या. मला तर तेच जास्त भयंकर वाटलं.

पहिलं नाव पुकारलं ते पार्वताबाईचं. आज ती रोजच्या विटक्या लुगड्यात होती. चपराशानं हात आडवा केला. "काठी बाहेर."

तिनं मला उंबऱ्याच्या आत टेकवलं. ठक्क! उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच कचेरीच्या फरशीवर पाय ठेवला.

"हा जोडा नाई, दादा. हा माहा पाय आहे."

आतून साहेब गरजले, "काठी ठेवून आत ये, नाही तर गैरहजर लिहितो!"

"लिवा साहेब. पण मी हजर आहे. पायासकट आली आहे."

साहेबानं टाक उचलला. तिचा सगळा भार माझ्यावर, आणि आतल्या आत माझा एक धागा तडकला. आता मोडले तर ही पडेल, आणि पडली तर सरपटावंच लागेल. मित्रांनो, मी इतकी कधीच भ्याले नाही. दम धर, दम धर, असं मी स्वतःलाच म्हणत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. ठक. किसनराव आपली काठी आपटत तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. "मले बी गैरहजर लिवा साहेब."

मग आणखी एक ठक. मग आणखी एक. ज्यांची नावं शाबूत होती ते सहाजणही आले. बत्तीस माणसं काठ्या टेकून दारात उभी राहिली. आत कोणी जाईना, मागे कोणी सरेना. शेवटी बापूसाहेब पुढे झाले. "साहेब, बत्तीस माणसं समोर दिसत असताना गैरहजर लिहिणार असाल, तर लिहा. खाली साक्षीदार म्हणून मी सही करतो."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग खुर्ची मागे सरकली. ते उठले, टेबल ओलांडून उंबऱ्यापाशी आले. पार्वताबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या झिजलेल्या टोकाकडे. तिथंच उभ्यानं त्यांनी एकेकाची तपासणी केली.

एकोणतीस नावं राहिली. तिघांची गेली ती गेलीच. त्यांच्यासाठी बापूसाहेब पुढं दोन वर्षं अर्ज लिहीत होते आणि सिंधू रविवारी त्यांच्या दारात भाजी ठेवून जायची. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

माझा तडकलेला धागा उत्तमरावानं तारेनं आवळला. त्यावर पार्वताबाईनं आणखी एकवीस वर्षं काढली.

ती गेली त्या दिवशी घरात माणसं मावेनात. कोणीतरी जागा करायला मला उचललं आणि दाराबाहेर, जोड्यांच्या ढिगात टाकलं. मी पडून राहिले. म्हटलं, आता आपलं काम संपलं. इतक्यात म्हाताऱ्या सिंधूनं मला पाहिलं. ती रडता रडता थांबली आणि कडाडली, "हे बाहेर कोणं ठेवलं रे? पार्वताचा पाय आहे तो!"

तिनं मला पदरानं पुसलं, आत आणलं आणि पार्वताबाईच्या उजव्या बाजूला, जिथं पाय नव्हता तिथं, ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या दारातही कोणी काठी टेकत येईल. जोडे बाहेर काढायला जरूर सांगा. काठी मात्र आत येऊ द्या.