चैतीची गादी

“व्रत घेतलंस की तोंडाला कुलूप लाव. बोलून दाखवलंस तर ते तुझं राहत नाही, साऱ्या गल्लीचं होतं.” माझ्या पहिल्या सोळा सोमवारांच्या वेळी मावशीने असं बजावलं होतं. तेव्हापासून माझी व्रतं कुणाला कळली नाहीत. दूध सोडलं तेव्हा ह्यांना वाटलं, गवळी पाणी घालतोय म्हणून. मौन धरलं ते तर आठवडाभर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

चैतीचं मात्र गल्लीभर झालं, आणि तेही मी अवाक्षर न काढता.

चैती म्हणजे हत्तीण. आमच्या जव्हारच्या गल्लीत एसटीडीचा बूथ आला त्या वर्षीची गोष्ट. आम्ही बायका सोम्याची जीप करून मुंबईला देवदर्शनाला गेलो होतो. शेजारची नूरबीही आली होती. “देव तुम्ही बघा, मी दुकानं बघते,” असं तिने निघतानाच सांगून टाकलं होतं. तिचा नवरा कुतुबुद्दीन गाद्या भरतो.

परतीच्या वाटेवर एका ट्रस्टचं लहानसं प्राणिसंग्रहालय लागलं. संकष्टी होती, त्यामुळे हत्तिणीपुढे ही रांग! दूर्वा, जास्वंद, लाडू. चैती सोंडेने लाडू घ्यायची, तोंडात टाकायची आणि डावा पाय उचलायची. तो टेकवला की उजवा. रेशनच्या रांगेत आम्ही बायका करतो ना, अगदी तसं. पायाखाली नुसतं सिमेंट, उन्हाने तापलेलं. नखांना चिरा पडलेल्या, त्यांवर जांभळं औषध.

मी तिथल्या माहुताला, पांड्याला विचारलं, “ही झोपते कुठे?”

तो वाकला. माझा आवाजच इतका बारीक, की ऐकायला माणसं वाकतातच.

“झोपतेय कसली! भिंतीला टेकून डुलक्या काढते. कडक जमिनीवर आडवी झाली की उठताना पाय दुखतात. म्हणून आताशा आडवीच होत नाही.”

मागून ‘मोरया’चा गजर झाला आणि मी पुढे ढकलली गेले. हात जोडले. लाडू नव्हता जवळ. मनात म्हटलं, बाई, तू मऊ जमिनीवर आडवी होईपर्यंत माझीही पाठ गादीला लागणार नाही.

त्या रात्रीपासून मी शहाबादी फरशीवर निजायला लागले. माझी कंबर आधीच दुखरी.

“अगं, झालं काय?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही.”

हे शाळेत हेडक्लार्क. ‘काही नाही’ असा शेरा त्यांना चालत नाही. ते पलंगावर बसून स्वतःचेच गुन्हे आठवू लागले. “वांग्याच्या भाजीला नाव ठेवलं म्हणून? तुझ्या भावाला जाड म्हटलं म्हणून? पण तो आहे ना गं जाड!”

मी कूस बदलली. त्यांना वाटलं, भावावरूनच आहे.

थोड्या दिवसांनी हेही चादर घेऊन खाली आले. “तू खाली आणि मी वर! लोक काय म्हणतील?”

“खोलीत कुठे आहेत लोक?”

“माझ्या डोक्यात आहेत ना.”

मग ह्यांना सुचलं की दोष गादीचाच असणार. कुतुबुद्दीनला बोलावलं. त्याने गादी नेली, कापूस पिंजला, नवा अभ्रा शिवला. गादी परत आली ती ढगासारखी. मी हात फिरवला, “छान झालीय हो, कुतुबभाई,” म्हटलं आणि रात्री फरशीवर निजले.

हे गल्लीला कळलं आणि बिचाऱ्याच्या धंद्यावर आलं. बाजारात गिऱ्हाइकं विचारू लागली, “क्यों मियाँ, शेजारीणसुद्धा तुमच्या गादीवर झोपत नाही म्हणे?”

दुसऱ्या दिवशी नूरबी तरातरा आली. मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. जरा डोळा लागला होता. ती भांडायलाच आली होती, पण उंबऱ्यातच थबकली आणि कमरेवर हात ठेवून मला न्याहाळत राहिली.

“भाभी, भिंतीला टेकून डुलकी! हे मी कुठेतरी पाहिलंय.” मग डोळे मोठे केले. “या अल्ला! त्या हत्तिणीपायी?”

मी तुळशीकडे पाहिलं.

“म्हणजे हो,” नूरबी म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. सगळ्यात जास्त आनंद कुतुबुद्दीनला झाला. आपल्या गादीत खोट नाही! “मग सोपं आहे,” तो म्हणाला. “हत्तिणीला गादी भरून देऊ.”

यात काही चमत्कारिक आहे असं गल्लीत कुणालाच वाटलं नाही. ह्यांनी तर लगेच प्राणिसंग्रहालयाचा नंबर शोधून काढला. बूथच्या काचेला नाकं लावून गल्ली उभी, आत कुतुबुद्दीन फोनवर ओरडतोय, “हॅलो! तुमची हत्तीण लांबीला किती? नाही नाही, उभी नको, आडवी सांगा! आडवी होतच नाही? मग अंदाजे सांगा!”

पलीकडून फोन ठेवला. कुतुबुद्दीनने मग सोम्याच्या जीपचं माप घेतलं आणि त्यावर दोन हात जास्त धरले.

एवढा कापूस कुठून आणणार? गोणपाटं जोडून शिवली आणि भाताचा पेंढा भरला. पेंढा जवळच्या दाभोसा गावातल्या मंगळू शेतकऱ्याने दिला. गादी तयार झाली तेव्हा गल्लीतून सायकल जाईना. पोरं तिच्यावर उड्या मारत आणि कुतुबुद्दीन त्यांच्यामागे धावे. “उतरा! दुसऱ्याची अमानत आहे!”

टपावर गादी बांधून जीप घाट उतरली. नाक्यावर चहावाल्याने विचारलं, “सोम्या, कुणाच्या पोरीची पाठवणी रे?”

“हत्तिणीची,” सोम्या म्हणाला. “सासरी झोप लागत नाही तिला.”

तिथे पोचलो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई चैतीचे पाय धूत होत्या. आमची वरात पाहून त्या काही सांगायला उठल्या, पण कुतुबुद्दीन तोवर गादी अंथरून कोपरे थोपटत होता. चैती आली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सोंड फिरवली.

“बघ, पसंत पडली,” हे माझ्या कानात म्हणाले.

चैतीने एका कोपऱ्यावर पाय ठेवला, सोंडेने गोणपाट टरकावलं, पेंढ्याचा एक मुटका काढला, पायावर झटकला आणि खाल्ला. मग दुसरा. मग सावकाश, चवीने, सगळी गादी. शेवटी उरलेलं गोणपाट पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि ती आमच्याकडे बघत उभी राहिली.



“इतकी वर्षं धंदा करतोय,” कुतुबुद्दीन म्हणाला. “गिऱ्हाइकाने माल नापसंत केला, परत पाठवला. खाल्ला नव्हता कुणी.”

डॉक्टरीणबाईंनी हसून हसून चष्मा पुसला. “पोटभर चांगला चारा आणलात तुम्ही. पण तिला गादी नको हो. सिमेंट उखडून खाली माती-रेतीचा जाड थर हवा. आणि एका बाजूला रेतीचा ढीग. त्यावर रेलून हत्ती झोपतात, उठायला सोपं जातं. मी कधीची सांगतेय.” हे शेवटचं वाक्य गर्दी पाहून आलेल्या ट्रस्टच्या सेक्रेटरींकडे बघून होतं.

सेक्रेटरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. “मॅडम, सिमेंट धुता येतं. माती आली की चिखल आला. भाविक दर्शनाला येतात, त्यांचे पाय भरतात.”

मी काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू गेलं नाही.

“गप बसा सगळे!” नूरबी कडाडली. “भाभी बोलतेय.”

सेक्रेटरी वाकले.

“भाविकांचे पाय इथे घटकाभर असतात,” मी म्हटलं. “तुमच्याकडे गणपती येतो ना?”

“येतो तर! दरवर्षी.”

“कशावर बसवता?”

“पाटावर. वर मऊ आसन घालतो.”

“आणि हिला?”

त्यांनी चैतीकडे पाहिलं. चैती डोक्यावर पदर घेऊन डावा पाय उचलून उभी होती. सेक्रेटरींनी दोनदा खाकरून घसा साफ केला.

“बरं, मागचं अंगण उखडून देतो. पण ट्रस्टकडे रेती नाही. येत्या संकष्टीपर्यंत आली तर ठीक, नाहीतर मी पुन्हा सिमेंट ओतणार. कोण आणणार रेती?”

“मी,” मी म्हटलं.

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

“आणि आजपासून लाडू बंद,” डॉक्टरीणबाईंनी पुस्ती जोडली. सेक्रेटरींच्या हातात नेमका प्रसादाचा लाडू होता. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी स्वतःच खाल्ला.

घरी आल्यावर आमच्या ओट्यावर समिती बसली. अध्यक्ष कोण, फलकावर आधी कुणाचं नाव, रेतीची पूजा इथे करायची की तिथे. कुतुबुद्दीन म्हणे, फलक गोणपाटावर नको, त्या हत्तीणबाईचा भरवसा नाही. हे मसुदा लिहीत आणि खोडत. संकष्टी जवळ येत चालली आणि रेतीचा कणही हलला नव्हता.

अशात मंगळू बाजाराला आला होता, तो डोकावला. “हत्तिणीला आवडला का माझा पेंढा?”

“फार,” कुतुबुद्दीन म्हणाला.

“आता रेती पाहिजे ना? माझे शेतात पुराने रेतीच रेती टाकलीय. भात कुठं लावू मी? न्या की, बाई. माझं रान मोकळं होईल.”

समितीने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं. ओट्यावर मंडळी जमली होती. ‘गजसेवा’ म्हणायचं की ‘गजकल्याण’ यावर आवाज चढले होते. मी मागच्या दाराने घमेलं, फावडं आणि रिकाम्या गोण्या घेतल्या आणि नाक्यावर जाऊन सोम्याच्या शेजारी बसले.

“कुठे, वहिनी?”

“दाभोसा.”

“मागून मंडळी येणार आहेत ना?”

“येतील त्यांचं ठरलं की. तू चल. खड्डे तेवढे सांभाळून घे.”

सोम्याने गोण्या मागे टाकल्या आणि जीप सुरू केली.