निळ्याचे तीन थेंब

रोज सकाळी मशीन सुरू केलं की त्याच्या छोट्या पडद्यावर एकच तक्रार उमटायची. आत भरलेली शाई आमच्या कंपनीची नाही, ती ओळखता येत नाही, तरी पुढे जायचं का? आणि रोज सकाळी कंपाउंडर तितक्याच इमानाने उत्तर द्यायचे, "बारा वर्षं झाली, अजून ओळख पटली नाही होय तुला? जा पुढे." मग बटण दाबायचे. वहिनींनी हा संवाद इतक्यांदा ऐकला होता की आत चहा गाळता गाळता नवऱ्याच्या आधीच त्या "जा पुढे" म्हणून टाकायच्या.

कंपाउंडर म्हणजे औषधाच्या दुकानातले नव्हेत. मोठाले फोटो छापायचं त्यांचं दुकान होतं. मशीन असं रुंद की त्यावर एखादा माणूस हातपाय न दुमडता झोपावा. शाई संपली की कार्ट्रिज फेकून नवं घ्यावं अशी कंपनीची इच्छा होती, पण ती कंपाउंडरांना पहिल्या वर्षीच पटेनाशी झाली. त्यांनी बाहेरची शाई बाटल्यांनी आणली, सिरिंज आणल्या, आणि रिकामी कार्ट्रिज स्वतः भरायला लागले. ओळीने लावलेल्या बाटल्या, त्यांवरची लेबलं आणि हातातली सिरिंज बघून गिऱ्हाइकांनी त्यांना कंपाउंडर करून टाकलं आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दोघांची खरी नावं आता फक्त बँकेला ठाऊक होती.

बाहेरच्या शाईत बाकीचे रंग निमूट वागतात, रडवतो तो करडा. काळ्यापांढऱ्या फोटोत सगळा खेळ त्याचाच असतो. तो जरा तांबूस झाला तर फोटोतला माणूस रागावलेला दिसतो, जरा हिरवट झाला तर पोट बिघडलेला. बाटलीतला करडा असा कुठेतरी झुकलेलाच यायचा, म्हणून कंपाउंडर त्यात निळ्याचे थेंब घालून तो सरळ करायचे. एक थेंब कागदावर टाकायचा, सुकू द्यायचा, खिडकीपाशी नेऊन बघायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. किती थेंब घालायचे हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, डोळा सांगेल ते खरं. साधारण तीन थेंबांत काम व्हायचं.

मिश्रण जमलं की एक वीतभर पट्टी छापायची, आणि पट्टीवर फोटो कायम एकच. दुकान उघडलं त्या दिवशीचा, काळापांढरा. खुर्च्या आल्या नव्हत्या म्हणून वहिनी मशीनच्या रिकाम्या खोक्यावर बसल्या होत्या आणि कशाला तरी खळखळून हसत होत्या. पट्टी निघाली की कंपाउंडर ती न बघताच त्यांच्या हातात द्यायचे. "तोंड तुझं आहे, तूच सांग बरं आहे का."

"बारा वर्षं माझंच तोंड वाया घालवताय," वहिनी म्हणायच्या, आणि नीट बघून मान हलवायच्या. मग मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि थेंब लिहून पट्टी बुटांच्या खोक्यात जायची. "उजेडात ठेवली तर माझी शाई लवकर म्हातारी होते," हे कंपाउंडर स्वतःच कबूल करायचे.

कामाची वाटणी सरळ होती. शाई त्यांची, कॉम्प्युटर वहिनींचा. कंपाउंडर माउसला असे बिचकत हात लावायचे की तो चावेल. वहिनी दुकानात नसल्या तर कंपाउंडरांना पट्टी छापता यावी म्हणून त्यांनी पडद्यावर एक हिरवं बटण करून ठेवलं होतं. कंपाउंडरांचं संगणकज्ञान तिथे सुरू होऊन तिथेच संपायचं.

दोन वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापकांचा निरोपाचा फोटो छापला, तेव्हा ते गृहस्थ थंडीने काकडल्यासारखे दिसायला लागले. वहिनींनी चाचरत विचारलं, "अहो, जरा निळं वाटतंय का हे?"

"खिडकीची काच मळली असेल."

वहिनींनी काच पुसली. मुख्याध्यापक काकडतच राहिले. मग त्यांनी डोळे तपासून घेण्याचा विषय काढला, तर कंपाउंडर उसळले, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" आणि दिवसभर बोलले नाहीत. खरी गोष्ट अशी होती की अख्खा दिवस सिरिंज हातात घेऊन फिरणारा हा माणूस सुईच्या नुसत्या नावानं गळाठायचा. डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, जग पिवळं होत चाललं होतं, आणि ते पिवळं मारायला तो बाटलीत जास्तीचं निळं ओतत होता.

वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण मुख्याध्यापकांना तसंच काकडत थोडंच पाठवता येणार होतं? त्यांनी कॉम्प्युटरवर पिवळा दोन घरं वाढवला, फोटो पुन्हा छापला आणि ती दुरुस्ती एका नावाखाली साठवून ठेवली. नाव दिलं, चष्मा. नवरा लावून घेईना, तर त्यांनी तो मशीनला लावला.

पुढे निळ्याचे थेंब वाढत गेले, तिनाचे पाच झाले, पाचाचे आठ, आठाचे अकरा. इकडे चष्म्याचा नंबरही वाढत गेला, दोनाचा चार, चाराचा नऊ. पट्टी कंपाउंडर त्यांच्याच हातात देत होते, त्या "बरी आहे" म्हणत होत्या, आणि ती बरी असायचीही. या लबाडीचं वहिनींना वाईट वाटायचं का? वाटायचं. पण थेंब खिडकीपाशी धरून उभा राहिलेला नवरा त्यांना इतका आवडायचा की तिथून त्याला हटवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

शेवटी बँकेचं काचेचं दार आडवं आलं. कंपाउंडर त्यावर सरळ जाऊन आदळले, आणि कपाळावर टेंगूळ घेऊन घरी आल्यावर "एवढी काच पुसतात का कुणी?" म्हणून बँकेवरच डाफरले. पण रात्री त्यांनी हळूच विचारलं, "ऑपरेशनला फार वेळ लागतो का गं?"

दोन्ही डोळे महिन्याच्या अंतराने झाले. डोळ्यावरची पट्टी सोडल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं आणि बघतच राहिले. "तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्हाला आधी कसे दिसत होते?"

"पिवळट. मला वाटायचं, तेल लावतेस."

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, म्हणून काही आठवडे ते घरीच होते. वहिनींनी जुन्या अकरा थेंबांच्या मिश्रणावर दुकान रेटलं. ते संपत आलं तेव्हाच कंपाउंडर कामावर रुजू झाले, आणि त्याच आठवड्यात दाढीवाल्यांचं काम आलं. दाढीवाले म्हणजे आयुष्यभर फक्त काळेपांढरे फोटो काढलेले फोटोग्राफर. त्यांच्या प्रदर्शनाचे बावीस फोटो छापायचे होते. ते स्वतःचा भारी कागदाचा रोल दुकानात ठेवून गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "मला कंपनीचा नको, तुमचा करडा हवाय." कंपाउंडर दोन दिवस शीळ घालत फिरले.

त्या दुपारी वहिनी त्यांच्याच डोळ्यांत घालायचं औषध आणायला गेल्या होत्या. परत आल्या तर दुकानात शुकशुकाट. सिरिंज धुऊन पालथ्या घातलेल्या. बाटल्यांची बुचं घट्ट बसवलेली. कंपाउंडर स्टुलावर बसले होते आणि समोर टेबलावर वहिनींची तीन तोंडं हसत होती, तिन्ही कावीळ झाल्यासारखी पिवळी.

वहिनींच्या लगेच लक्षात आलं. ऑपरेशनच्या गडबडीत मशीनचा चष्मा काढायचाच राहिला होता.

"दाढीवाल्यांना फोन केला," कंपाउंडर म्हणाले. "काम दुसरीकडे द्या म्हणून सांगितलं. पाच वाजता येऊन कागद घेऊन जातील."

"अहो, पण का?"

"थेंब बघितला, एकदम करडा. हौसेनं पट्टी मीच बघायला गेलो, तर पिवळी. मशीनचं हेड साफ केलं, परत काढली, पिवळी. तिसरी पिवळी. मशीनचा काही दोष नाही. माझा डोळाच गेलाय. थेंबाला एक सांगतो, फोटोला दुसरं." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "बरं झालं, लवकर कळलं. आता कंपनीचीच शाई घालू. तू बटणं दाब, मी कागद कापत जाईन."

चार वाजत आले होते. वहिनींना वाटलं, सांगायची गरजच काय? चष्मा काढला की झालं. त्या पाठमोऱ्या कॉम्प्युटरपाशी बसल्या, नवाचं शून्य केलं, आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाल्या, "हेड अजून ओलं असेल. एकदा बघू या ना." पट्टी सरसरत बाहेर आली. करडा कसा, तर सकाळच्या सावलीसारखा स्वच्छ. त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली.

कंपाउंडरांनी पट्टी बघितली. खिडकीपाशी नेऊन बघितली. त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी पार उतरला.

"ही करडी दिसतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "तीच बाटली, तोच फोटो. मघाशी पिवळी, आता करडी. म्हणजे डोळा घटकेघटकेला बदलतोय गं. अशा डोळ्यावर मी कुणाचं काम कसं घेऊ?"

आता मात्र वहिनींना आपली चूक कळली. झाकायला गेल्या आणि आणखी उघडं पाडून बसल्या होत्या. त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डोळा बदलला नाही. सेटिंग मी बदललं. आत्ता."

"कसलं सेटिंग?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, मुख्याध्यापकांपासून. नवऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून त्या मशीनकडे बघून बोलत होत्या. बोलणं संपताच कंपाउंडर उठले.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी खिडकीत उभा राहून थेंब बघतोय, आणि तू मागं बसून माझं सगळं पुसतेयस? मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात काच मळलीय. मी काच पुसली!" वहिनींचाही आवाज चढला आणि तिथेच फुटला. "दिवसभर बोलला नाहीत माझ्याशी. परत कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही ते काम सोडून कोपऱ्यात बसलेलं मला बघवलं नसतं. म्हणून केलं. जा, रागवा."

कंपाउंडर रागावले नाहीत, म्हणजे रागावलेलेच होते, पण त्यांना भलतंच काही सुचलं होतं. त्यांनी बुटांचं खोकं उतरवून टेबलावर उपडं केलं. शंभरेक वहिनी हसत बाहेर पडल्या. त्यांनी दोन वर्षांतल्या पट्ट्या वेगळ्या काढल्या आणि उलट्या करून एकेक वाचायला लागले. निळा पाच. निळा आठ. निळा अकरा. पुन्हा सुलट्या केल्या. सगळ्यांवर करडा सारखा, कुठे कणभर ढळलेला नाही. त्यांच्या हाताचा आणि बायकोच्या हाताचा हिशोब त्यांना एकाच वेळी दिसत होता.

"या आठाला तुझा चष्मा किती होता?"

वहिनींनी नाक ओढलं आणि कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "चार."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि "निळा आठ"च्या शेजारी लिहिलं, "चष्मा चार". "अकराला?"

"नऊ."

तेही लिहिलं. एकेक पट्टी पुढे येत गेली, वहिनी आकडा सांगत गेल्या. दोघंही कारकुनासारखी गंभीर होऊन बसली होती. शेवटी राहिली मघाची स्वच्छ पट्टी. कंपाउंडरांनी तिच्या मागे तारीख घातली. "निळा तीन," ते लिहिता लिहिता म्हणाले, आणि थबकले. टेबलावरच्या ढिगातून त्यांनी बारा वर्षांपूर्वीची, सगळ्यांत पहिली पट्टी शोधून काढली. अंधारात राहून राहून तिचा रंग टिकला होता. मागे लिहिलं होतं, निळा तीन.

दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"डोळा जागेवर आहे," ते म्हणाले.

"तेच सांगतेय मी," वहिनी म्हणाल्या आणि पदर नसल्यामुळे शाईच्या फडक्यानेच त्यांनी डोळे पुसले.

कंपाउंडरांनी फोन उचलला. "दाढीवाले? या, या, पण कागद न्यायला नको, पहिला फोटो बघायला या. नाही हो, डोळ्याचं काही नव्हतं, घरचंच होतं जरा." फोन ठेवून ते वळले. बायकोच्या गालावर निळ्या शाईचा फराटा उमटला होता. तो त्यांनी सांगितला नाही. एकेक खिसा चाचपत त्यांनी कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

"आता कॅमेरा कशाला?"

"पट्टीला नवा फोटो लागणार. या फोटोत केस काळे आहेत, त्यात काय परीक्षा होणार? करडा खरा कळायचा तर तुझे आत्ताचे केस पाहिजेत." त्यांनी शाईच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पायाने पुढे सरकवलं. "बस."

"तोंड धुऊन येते."

"अजिबात नाही," कंपाउंडर म्हणाले. "दोन वर्षांनी नीट दिसतेयस. अशीच बस."