एका बॉक्सवर दोन टीव्ही

वरवंडच्या शिवेवरच्या वस्तीत दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. अलीकडं झुंबरबाईचं घर, पलीकडं तिच्या धाकट्या जावेचं, तुळजाबाईचं. ही भिंत अकरा वर्षांपूर्वीची. त्याआधी सगळं एकच घर होतं, एकच चूल होती आणि केबलचा बॉक्सही एकच होता. वाटणीत शेत अर्धं झालं, म्हशी वाटल्या, पितळेची एक घागर कोणाकडं जावी यावर दोन दिवस खल झाला. पण बॉक्स वाटायचा राहून गेला. तो झुंबरबाईच्या खोलीत होता आणि त्यातून निघालेली काळी वायर पलीकडच्या खोलीतल्या टीव्हीला जात होती. गवंड्यानं भिंत घालताना वायरीपुरतं भोक ठेवलं, आणि भांडणाच्या धुंदीत कोणी त्याला हटकलं नाही.

त्यामुळं अलीकडं जे लागेल तेच पलीकडं दिसायचं. बॉक्सचा रिमोट झुंबरबाईच्या हातात. तुळजाबाईच्या हातात फक्त आपला टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज कमी-जास्त करणं. असा कारभार दुसरीकडं कुठं चालत असेल तर तो देवालाच ठाऊक.

भांडण झालं होतं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. झुंबरबाईचा नवरा आनंदराव आणि त्याचा भाऊ भिमा एकमेकांच्या अंगावर धावून गेले, ते एक वेळ बाजूला ठेवू. बाप्ये भांडतात आणि विसरतात. पण त्या गर्दीत तुळजाबाई बोलून गेली, "एका पोराला कशाला लागतंय एवढं पाणी?" झुंबरबाईची दोन लेकरं लहानपणीच गेली होती. उरला तो एकटा सुदर्शन. आणि हे बोलणारी कोण, तर झुंबरबाईनं स्वतः शिरूरकडच्या आपल्या माहेरातून पसंत करून आणलेली, लग्नात जिच्या पदराच्या निऱ्या तिनं स्वतः बसवल्या ती पोर. झुंबरबाई तरातरा देवघरात गेली, खंडोबाचा भंडारा मुठीत उचलला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "मल्हारीची आण हाय. हिच्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई."

भंडारा उचलून घेतलेली आण आमच्याकडं चेष्टेवारी नेत नाहीत. झुंबरबाईनंही नेली नाही. पण आण पायाची होती, वायरीची नव्हती.

पहिलं वर्ष तिनं त्या रिमोटवर पोटभर सूड उगवला. तुळजाबाईची सातची मालिका रंगात आली, आता सासूचं पितळ उघडं पडणार, की झुंबरबाई बटण दाबून कांद्यावरच्या करप्याची माहिती लावायची. मग पलीकडून तुळजाबाई आपल्या टीव्हीचा आवाज इतका मोठा करायची, की करप्याची औषधं महामार्गापर्यंत ऐकू जावीत. आनंदराव डोक्यावर उपरणं घेऊन अंगणात जाऊन बसायचा.

दुसऱ्या वर्षी भिमा गेला. झुंबरबाई रस्त्यावर उभी राहून पदरात तोंड खुपसून रडली, पण उंबरा ओलांडला नाही. भावकीचं सुतक, म्हणून दोन्ही घरांत तेरा दिवस टीव्ही बंद. चौदाव्या दिवशी सात वाजता झुंबरबाईनं बॉक्स चालू केला आणि मुकाट्यानं तुळजाबाईची मालिका लावली. बराच वेळ पलीकडं सामसूम होती. मग खट्ट आवाज झाला आणि तोच संवाद भिंतीपलीकडून ऐकू आला. झुंबरबाईनं डोळे पुसले. तिच्याकडून दुखवट्याचं भेटणं झालं ते एवढंच.

तेव्हापासून रिमोट तुळजाबाईसाठी चालू लागला. मंगळवारी तुळजापूरची आरती, सात वाजता मालिका, एकादशीला कीर्तन. आनंदरावही गेला, सुदर्शनची लेक सायली कॉलेजला जाऊ लागली, पण सातची वेळ चुकली नाही. भांडगावच्या लग्नात पंगतीला बसलेली झुंबरबाई साडेसहाला उठायची. "म्हशीची धार काढायचीय," असं सांगायची. म्हैस विकून तीन वर्षं झाली होती. तुळजाबाईचे गुडघे गेले, तिचा पलंग टीव्हीसमोर आला, हे झुंबरबाईला गल्लीतून कळलं. एखादा विनोदी प्रसंग आला की पलीकडून तिचं खोकत खोकत हसणं ऐकू यायचं, आणि मग झुंबरबाईलाही हसू यायचं. यातलं एक अक्षरही तिनं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सुदर्शनला वाटायचं, म्हातारीला मालिकांचं वेड आहे.

सुदर्शन कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातो. दिवाळीला त्यानं भिंतभर टीव्ही आणला, इंटरनेटवर चालणारा. सायलीनं आजीला दाखवलं, "आजी, आता सातची वाट बघायची गरज न्हाई. मालिका कवापण बघ. उद्याचा भाग आजच बघ." झुंबरबाईला ते विचित्रच वाटलं. उद्याचं आज बघून मग उद्या करायचं काय?

नव्या कनेक्शनची तार टाकायला केबलवाला संपत आला. वीस वर्षांपूर्वी ती काळी वायर त्यानंच ओढली होती. आता तोही इंटरनेटच देत होता. "केबल आता ठेवतंय कोण, आजी? वस्तीतलं हे शेवटचं घर तुमचं," तो म्हणाला आणि बॉक्स काढून पिशवीत टाकला. मग त्याची नजर भिंतीतल्या भोकाकडं गेली.

"ही पलीकडची वायर चालू हाय व्हय अजून?"

"कुठली चालू असंल," सुदर्शन म्हणाला. "अकरा वर्षं झाली. आई, चालू हाय का गं?"

सून होती, सायली होती, संपतबरोबर आलेला माणूस होता. सगळे झुंबरबाईकडं बघत होते. व्हय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. भंडारा उचललेली बाई रोज सात वाजता कोणासाठी टीव्ही लावते, हे सगळ्या वस्तीत झालं असतं.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली.

"मग कापू?"

"काप की. मला काय इचारतोस?"

पकडीचा कट्ट असा बारीक आवाज झाला. संपतनं नवी तार खिडकीतून आत घेतली आणि भिंतीतलं भोक पुट्टीनं बुजवून टाकलं. काम छान केलं त्यानं.

त्या संध्याकाळी सायलीनं मालिका लावून दिली. चित्र एवढं लख्ख, की नटीच्या चमकीतले खडे मोजून घ्यावेत. पण झुंबरबाईचा कान भिंतीकडं होता. रोज प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायची तिला सवय, एकदा इकडून, लगेच तिकडून. आज ते एकदाच येऊन संपत होतं. मग तिच्या मनात आलं, तुळजाला हा आवाज तिकडं ऐकू जात असेल. आपण बघतोय आणि तिच्यासमोर नुसता पडदा. तिनं घाईघाईनं आवाज पार बंद करायला लावला.

"आजी, मुका टीव्ही बघतीस व्हय?"

"डोकं दुखतंय माझं. राहू दे."

दुसऱ्या दिवशीही डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशीही. घरात सगळे मोबाइल बघत आणि झुंबरबाई माणसांचे हलणारे ओठ बघत बसे. आठवड्यानंतर सायली तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काय झालंय ते सांग. न्हाईतर मी पप्पांना सांगते, डॉक्टरकडं न्यायला." तेव्हा झुंबरबाईनं सगळं सांगितलं. खाली मान घालून, पदराचं टोक पिळत, चोरी केल्यासारखं.

सायलीला आधी हसूच आलं. "आगं मग जा की. जाऊन सांग, बॉक्स नेला म्हणून."

"आण हाय माझी."

"मग मी जाते. धाकट्या आजीला सांगते."

"नको!" झुंबरबाईनं तिचा हात धरला. "ती म्हणल, आपल्या हातानं वायर कापली आन् वर निरोप धाडती. मीच जाईन. आधी जेजुरीला जाते, देवाच्या पाया पडते, आण सोडवून घेते. मग जाते."

येत्या रविवारी जायचं ठरलं. त्या रविवारी सुदर्शनला ड्युटी लागली. पुढच्या रविवारी सुनेच्या माहेरी साखरपुडा निघाला. "आई, जेजुरी काय पळून चाललीय का?" सुदर्शन म्हणाला. एसटीनं एकटीनं जायचं तिनं दोनदा मनात आणलं आणि दोन्ही वेळा चुलीपुढं बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला भीती देवाची नव्हती. तिला भीती तुळजाबाईच्या तोंडाची होती. समोर गेल्यावर तुळजानं भिंतीकडं तोंड फिरवलं तर?

सायलीनं संपतला फोन करून विचारलं, जुना बॉक्स परत बसेल का. तो म्हणाला, आता तो सिग्नलच बंद झाला.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी सकाळी, झुंबरबाई भाकरी थापत होती तेव्हा पलीकडून मोनिकाचा हंबरडा ऐकू आला. मोनिका ही तुळजाबाईची सून. झुंबरबाईनं तव्यावरची भाकरी तशीच टाकली. पायात वहाण नाही, हाताला पीठ, अशी ती घराला वळसा घालून धावली. उंबरा आला कधी आणि गेला कधी, तिला समजलंच नाही.

तुळजाबाई पलंगावर होती. झोपेत गेली होती, तोंड जरा उघडं. किती बारीक झाली होती! झुंबरबाईच्या डोळ्यांपुढं अकरा वर्षांपूर्वीची आडव्या हाडाची जाऊ होती, आणि ही तर चादरीत सापडायचीही नाही. पलंगासमोर तो जुना टीव्ही चालूच होता. पडदा नुसता निळा, त्याच्या उजेडात तुळजाबाईची हनुवटी निळसर दिसत होती.

"आगं, हे असं का चालू ठेवलंय?" झुंबरबाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे.

मोनिका रडत रडत म्हणाली, "एकदा लावला की बंदच करू द्यायच्या न्हाईत, थोरल्या आत्याबाई. सात वाजले की लाव म्हणायच्या. मी म्हणायची, आवं काय दिसतंय त्यात? आमच्या खोलीत मोठा टीव्ही हाय, दोन वर्षं झाली आणून. तिकडं पलंग नेते तुमचा, पाहिजे ते बघा. तर न्हाई. म्हणायच्या, अक्का काय बघतीया ते बघायचंय मला."

झुंबरबाईनं भिंत धरली. दोन वर्षं. दोन वर्षं तुळजा हवं ते बघू शकत होती.

"माझ्यावर... रागावली व्हती का गं?"

"न्हाई वो. त्यांना वाटलं, तुमीच आजारी हाय. म्हणायच्या, भिंतीतनं आवाज पण येत न्हाई, अक्का अंथरुणाला खिळली असंल, उठली की लावील. मला रोज म्हणायच्या, जा, बघून ये. मी आज जाते, उद्या जाते करीत राहिले. तुमाला आवडतंय का न्हाई, काय ठाव मला."

आवाज तर झुंबरबाईनंच बंद केला होता, तुळजाच्या जिवाला लागू नये म्हणून.

"मला बोलवायचं व्हतंस गं, मोनिका. नुस्ती हाक मारायची व्हतीस."

मोनिकानं नाक पुसलं आणि तिच्याकडं सरळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "कसं बोलवायचं, आत्याबाई? आण तुमची व्हती. आमचं दार तर उघडंच व्हतं."

झुंबरबाईनं दाराकडं बघितलं. त्या दारावरून ती अकरा वर्षं रोज शेतात जात-येत होती, मान दुसरीकडं करून. ते उघडं असतं की लावलेलं, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

तोवर भावकीतली माणसं जमू लागली होती. सुदर्शन आला, सायली आली, गल्लीतल्या बाया दारात दाटल्या. झुंबरबाई उंबऱ्याच्या आत बसलेली पाहून काहींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. तिला ते दिसलं, पण आता त्याचं काही वाटलं नाही. ती पलंगाच्या कडेला सरकली, पिठाच्या हातानं तुळजाबाईचा गार हात धरला आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "तुळजा, मी आजारी न्हवते गं. वायर मीच काप म्हणले. तुझ्यासाठी लावते, हे चार माणसांत सांगायची लाज वाटली मला."

घरभर माणसांनी ते ऐकलं. हाताला लागलेलं पीठ तुळजाबाईच्या बोटांवर वाळत होतं. झुंबरबाई पुनःपुन्हा तेच सांगत राहिली, आधी मोठ्यानं, मग हळू, आणि शेवटी नुसते ओठ हलत राहिले.