पेपरात गुंडाळलेले बूट

प्रभादेवीच्या या घरात कपाटावर धूळ खात पडलेली, एका चाकाने लंगडी निळी बॅग म्हणजे मी. मित्रांनो, आता फार बोलवत नाही मला. पण बाहेरच्या जगाला जवळपास बंद असलेल्या त्या देशात कुणी जायचं म्हणत असाल, तर माझं ऐकून जा.

माहीमच्या दुकानातून या घरच्या विकासने मला आणलं. दर गणपतीला मी मालवणला जायचे आणि आमसुलं, सुके बांगडे कोंबून परत यायचे. "काय दणकट बॅग आहे!" असं सगळे म्हणायचे. त्या देशात मात्र मी एकदाच गेले.

निघताना त्याची बायको दीपिका बजावत होती, "अहो, गाईडला सोडून कुठे जायचं नाही. सैनिकांचे फोटो नकोत. देवाधर्माची पुस्तकं नकोत. आणि राजकारणावर तर तोंडच उघडू नका!"

"टेन्शन नको घेऊस गं. सगळं पाठ झालंय."

आणि पाळलंही हो त्याने सगळं! गाईड हसतमुख होती, तिला लहान मुलगी होती. त्या मुलीसाठी विकासने चिक्कीचा एक पुडा माझ्या कप्प्यात राखून ठेवला, निरोप घेताना द्यायचा म्हणून.

शेवटच्या सकाळी घात झाला. बॅगेत चपला-बूट टाकायचे तर पेपरात गुंडाळूनच, ही आपली घराघरातली सवय. त्याने हॉटेलातला पेपर उचलला आणि चिखलाचे बूट गुंडाळले. पहिल्या पानावर त्यांच्या नेत्याचा फोटो होता. त्या फोटोला तिथे साधी घडीसुद्धा पाडत नाहीत.

विमानतळावर मला उघडलं आणि तो पेपर बाहेर आला. अधिकाऱ्यांनी चिखलाने माखलेला तो फोटो टेबलावर पसरला. तेवढ्यात गाईड पुढे झाली, त्यांच्याशी काहीतरी बोलली, मग मोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाली, "तुम्ही जा. पेपर मी दिला असं सांगितलंय."

दोघेजण तिला आत घेऊन गेले. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सुटलात बाई एकदाचे!" दीपिका दारातच रडली.

"मी सुटलो गं," एवढंच तो म्हणाला, आणि मला वर ठेवून दिलं.

तिचं पुढे काय झालं, कुणाला विचारणार? तिकडे ना फोन लागतो, ना निरोप पोचतो. मित्रांनो, मला पुसू नका, चाकही बसवू नका. फक्त जाण्याआधी तिथले नियम नीट वाचा आणि आपल्या सवयी घरी ठेवून जा. आपण परत येतो. तिथली माणसं तिथेच राहतात.

चिक्कीचा पुडा अजून माझ्या कप्प्यात आहे.