उंबऱ्यावरची उपडी हंडी

मी एक जुनी लोखंडी हंडी आहे. पाय तीन, कान दोन, त्यातला एक तुटका. मित्रांनो, अमेरिकेत जॉर्जियातल्या एका भट्टीत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. ओतणाऱ्याला नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून माझ्या पोटावर एक पुटकुळी राहिली. ती आजही आहे.

मालकिणीच्या स्वयंपाकघरात माझी फार वाहवा होती. कान तुटला आणि वाहवा संपली. मला गुलामांच्या झोपड्यांकडे पाठवले, फीबीच्या घरी. तिथे माझी खरी बढती झाली. कापसाच्या त्या मळ्यावर मालकाला न विचारता प्रार्थनेला जमायची बंदी होती. सापडले तर चाबूक. म्हणून देवाचे नाव घेण्याआधी फीबी मला उंबऱ्यावर उपडी घालायची. सगळ्यांची ठाम समजूत अशी, की बोललेले सारे हंडीच्या पोटात जाते, बाहेर जात नाही. देवाला स्मरून सांगते, एकही शब्द माझ्या पोटात शिरला नाही. सगळे आरामात बाहेर जात होते. पण कधी कोणी सापडले नाही. श्रेय मला मिळाले आणि मी ते नाकारले नाही.

एकदाच वेगळे घडले. व्यापारी आला आणि फीबीची धाकटी लेक जूनो विकली गेली. त्या दिवशी फीबीने मला उपडी घातले नाही. माझ्यात तोंड खुपसून ती ओरडली. तेवढे मात्र माझ्या पोटात आहे.

पुढे गुलामी संपली, फीबी देवाघरी गेली आणि मी तिच्या थोरल्या लेकीकडे, केझायाकडे आले. केझाया साठीची झाली तरी तिची एक खोड जाईना. जुने दिवस आठवले, की ती आधी मला उंबऱ्यावर उपडी घालायची आणि मग म्हणायची, “एक पोरगी होती.” तिच्या नवऱ्याचे, प्रायमसचे, जेवण त्यामुळे कायम लांबायचे. हंडी दारात, तर चुलीवर काय ठेवणार?

एका दुपारी शाळेतली लव्हिनियाबाई कागद घेऊन आली. चर्चचे वर्तमानपत्र गुलामीत ताटातूट झालेल्यांच्या हकिकती छापत असे आणि त्या गावोगावच्या चर्चमध्ये वाचून दाखवत. जूनो जिवंत असेल, तर तिच्या कानावर जाईल, एवढीच आशा होती.

केझायाने मला उपडी घातले. “एक पोरगी होती.”

“कुठली पोरगी, मावशी?”

“होती एक. हाडकुळी.”

“हाडकुळी लिहू नकोस,” प्रायमस कोपऱ्यातून म्हणाला. “आता हिला बघून जूनो ओळखायची नाही.”

“तुम्ही गप बसा. नाव कशाला हवं तिला? तिची बहीण विकली, एवढं लिही.”

लव्हिनियाने लेखणी खाली ठेवली. “मावशी, हे ऐकून निम्म्या गावांतल्या बायका म्हणतील, ही माझीच बहीण. जूनोला कसं कळायचं? आणि गुलामी संपून पस्तीस वर्षं झाली. आता कोणाला भ्यायचं?”

“मला ठाऊक आहे गं. हंडीला कोणी सांगितलंय?”

“सांग की मग,” प्रायमस म्हणाला. “तेवढीच चवळी तरी शिजेल.”

केझाया उठली, तिने मला सरळ केले, चुलीवर ठेवले, पाणी ओतले, चवळी टाकली. त्या दोघांकडे पाठ करूनच ती बोलली.

“लिही. मी केझाया. माझी आई फीबी. मी नऊ वर्षांची होते, जूनो सहाची. व्यापारी तिचे दात बघत होता. पुढचा एक दात नुकताच पडलेला. तो म्हणाला, माल खोटा आहे. मी हसले. मला वाटलं, सुटली, आता हिला कोणी नेत नाही. त्यानं भाव पाडला आणि नेली. मी हसत होते तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं होतं. लिहिलंस?”

लव्हिनियाने मान डोलावली. चवळी करपली. प्रायमसने ती निमूटपणे खाल्ली.

सहा महिने गेले. एके दिवशी टोपी घातलेली एक म्हातारी दारात उभी राहिली.

“ती हसलेली केझाया इथंच राहते का?”

केझायाच्या हातातला डाव खाली पडला. केझाया म्हणाली, “मी हसायला नको होतं गं.”

“वेडी का काय तू? तू हसलीस म्हणून तर मी भ्याले नाही. नदीच्या घाटापर्यंत मला वाटत होतं, कुठंतरी चांगल्याच ठिकाणी नेतायत.” जूनोने डोळे पुसले. “बस आता. सगळं सांगते.”

आणि आईची सवय हातात मुरलेली, म्हणून तिने चुलीशेजारून मला उचलले आणि उंबऱ्यावर उपडी घातले.

“अहो, आत जेवण आहे!” प्रायमस ओरडला. पण चवळी पायरीवरून खाली चालली होती. दोघी बहिणी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होत्या आणि रडतही होत्या.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. कोणी ‘एक पोरगी होती’ असे म्हणत सांगू लागले, तर उठून जाऊ नका. ‘मी’ म्हणायला वेळ लागतो. केझायाला पन्नास वर्षे लागली.

आणि हंडी उपडी घालण्याआधी तिच्यात जरा डोकावून बघत जा.