सिस्टरच्या जुडग्यातली मंद बॅटरी

मित्रांनो, किल्ल्यांच्या जुडग्यात लटकणारी, अंगठ्याएवढी, रंग उडालेली बॅटरी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. तिच्याकडे धड कोणी बघत नाही. माणूस किल्ली शोधतो आणि मधे मधे येते म्हणून तिला बाजूला सारतो. ती मी. आता माझं वय झालं आहे. एका कडेने माझा उजेड जरा कमी पडतो, आणि माझ्या दिव्याच्या मण्यावर बारीक ओरखडे आहेत. हे ओरखडे कोणाच्या हलगर्जीपणाचे नाहीत बरं का. ते मुद्दाम पाडलेले आहेत, आणि माझी सगळी कहाणी त्यांचीच आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो एक खोका, त्यात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या शंभर बहिणी, आणि मग एकदम चांदूर बाजारचा गलबला. बद्रुद्दीनचाचा तिथे घड्याळं दुरुस्त करायचे आणि सोबत आमच्यासारख्या बॅटऱ्या विकायचे. इतर दुकानदार बॅटरी पेटवायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारायचे आणि म्हणायचे, "पाहा, कसा लख्ख उजेड!" चाचांना ते अजिबात पटायचं नाही. त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा आडवा ठेवला होता. त्याच्या तळाला आतून पांढरा कागद चिकटवलेला, तोंडावर काळं फडकं. गिऱ्हाइकाने फडक्यात डोकं घालायचं आणि एकेक बॅटरी त्या कागदावर मारून बघायची. दुपारच्या बाजारात, भर उन्हात, माणसं डब्यात डोकं घालून उभी असलेली बघून लोक हसायचे. चाचा हसणाऱ्यांनाही डब्यात डोकं घालायला लावायचे.

त्या डब्यात आम्हा बहिणींची सगळी झाकली मूठ उघडी पडायची. एकीच्या उजेडात मधोमध काळा टिपका, दुसरीच्या उजेडाला निळी कड. तिसरीचा उजेड सुईसारखा एकाच ठिकाणी टोचणारा, आणि बाजूला सगळा काळोख. शेवटी चाचा डब्यात एक संत्रं ठेवायचे. आमच्या मुलखात संत्र्याला काय तोटा! ज्या बॅटरीच्या उजेडात संत्रं संत्र्यासारखं दिसेल ती पास. राखेच्या रंगाचं दिसलं की चाचा ती बॅटरी बाजूला टाकायचे, मग ती कितीही लख्ख असो. मी सांगायला लाजत नाही, मी रंगात पास झाले होते, पण माझ्याही पोटात तो काळा टिपका होता.

एका बाजाराच्या दिवशी ललिताबाई आल्या. जवळच्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांनी चार बॅटऱ्या पाहिल्या आणि चारही खाली ठेवल्या.

"मले डोळ्याची बाहुली पाहाची असते चाचा," त्या म्हणाल्या. "ह्या मारल्या की माणूस डोळेच मिटून घेते. काय पाहू मंग?"

चाचांनी चष्मा वर केला. खोक्यातून मला उचललं, घड्याळाच्या पेटीतून बारीक पॉलिशपेपर काढला आणि माझ्या दिव्याचा मणी घासायला लागले. मित्रांनो, मी कळवळले. माझी चमक, माझा टोकदार झोत, सगळं गेलं. मला वाटलं, जन्माचं नुकसान झालं. मग त्यांनी मला डब्यात पेटवलं. टिपका नव्हता, कड नव्हती. कागदभर सारखा, दुधासारखा उजेड पसरला होता, आणि त्यात संत्रं इतकं खरं दिसत होतं की सोलून खावं.

"उजेड कम झाला बाई, पन साफ झाला," चाचा म्हणाले. "उजेड दिखाने के वास्ते हाय, मारने के वास्ते नाही."

त्या दिवसापासून मी ललिताबाईंच्या जुडग्यात आले. उपकेंद्राची किल्ली, औषधाच्या कपाटाची किल्ली, घराची किल्ली आणि मी. लेकरांचे घसे पाहिले, कानात गेलेले किडे पाहिले. वीज गेली असताना माझ्या उजेडात तीन लेकरं जन्माला आली. त्यातली दोन देवमनची. देवमन मजुरीने फवारणी करायचा. हसरा गडी. दुसरी मुलगी झाली तेव्हा त्याने मलाच हात जोडले होते आणि त्याची बायको दुर्गाबाई बाजेवरून ओरडली होती, "बॅटरीच्या काय पाया पडता, सिस्टरच्या पडा ना!"

पण माझं खरं काम भाद्रपद-आश्विनात निघायचं, कपाशीच्या फवारणीत. फवाऱ्याचं विषारी औषध अंगात भिनलं की माणसाच्या डोळ्याच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होतात. ललिताबाईंची एक ठरलेली रीत होती. आधी माणसाला आतल्या खोलीत, सावलीत बसवायचं. त्याला खिडकीकडे पाठ करायला लावायची. थोडं थांबायचं. मग मला बाजूने, हळूच डोळ्यावर आणायचं. चांगली बाहुली सावलीत मोठी असते आणि उजेड आला की लहान होते. औषध भिनलेली बाहुली आधीपासूनच बारीक असते, ती हलतच नाही. फवारणीवाल्या सहदेवचं असंच झालं होतं. तो म्हणत होता, "काही नाही सिस्टर, ऊन लागलं." बाईंनी बाहुली पाहिली आणि दुसऱ्या क्षणाला त्याचा सदरा फाडून काढला, साबणाने अंग धुतलं आणि ऑटोत घालून मोठ्या दवाखान्यात धाडलं. सहदेव वाचला. गावात माझं नाव झालं. लोक म्हणायचे, सिस्टरची बॅटरी माणसाच्या आतलं पाहते. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग धम्मदीप आला. ललिताबाईंचा धाकटा भाऊ, अमरावतीला नोकरीला. बहिणीसाठी त्याने नवी बॅटरी आणली होती. पोलादी अंग, जुडग्यात बसेल एवढीच, पण उजेड असा की उपकेंद्राच्या दारातून मारला तर पाण्याच्या टाकीवरचं कबुतर दिसावं. अंगणात आम्हा दोघींची तुलना झाली. आधी माझा उजेड भिंतीवर, मग तिचा. माझा तर भिंतीवर आहे की नाही हेच कळेना. सगळे हसले.

"ताई, फेक ते आता," धम्मदीप म्हणाला. "काजवा बरा त्याच्यापरीस."

बाईंनी मला फेकलं नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे. सेल संपत आले तिचे. येत्या बाजारी घेऊन येतो." माझे गुंडीएवढे सेल गावात मिळत नसत. मला टेबलाच्या खणात ठेवलं. येता बाजार गेला, त्याच्या पुढचा गेला. लसीकरण, सर्वे, रजिस्टरं. बाईंना उसंत नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी त्या नवीला मनातल्या मनात म्हणत राहिले. नव्याचे नऊ दिवस संपतील, मग माझी आठवण येईल, अशी वाट बघत राहिले. माझे सेल पाझरायला लागले. अंगात हिरवा खार धरला. खणात अंधार होता, पण ऐकू सगळं यायचं.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच तोंडावर पडायचा. एका दुपारी उपकेंद्रात लसीकरण होतं. लेकरं रडत होती, बाया रांगेत भांडत होत्या. तेवढ्यात ओसरीवर ओकारीचा आवाज आला. मग ओळखीचा आवाज, पण ओढलेला.

"सिस्टर, डोस्कं लय दुखून रायलं. तोंडाले पानी सुटून रायलं नुसतं."

देवमन होता तो.

रोजच्यासारखा दिवस असता तर बाईंनी त्याला आत सावलीत नेलं असतं. पण आतली खोली लेकरांनी भरलेली. त्यांनी ओसरीवरच, उन्हाच्या तिरीपेत, त्याचा डोळा उघडला आणि नव्या बॅटरीचं बटण दाबल्याचा टक् आवाज मला ऐकू आला. मग बाईंचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा. "बाहुल्या बारीक हायेत. पण ह्या बॅटरीनं सर्वाइच्याच होतात."

मित्रांनो, मी खणात होते. त्यांच्यापासून दोन हातांवर. त्या नवीच्या झोतात निरोगी बाहुलीही क्षणात मोहरीएवढी आकसायची, हे बाईंनी महिनाभर पाहिलेलं होतं. त्याच सवयीने त्या चुकल्या. मला ओरडायचं होतं, आधी सावलीत न्या, आधी सावलीत न्या! पण आमच्या जातीला उजेड दिला आहे, आवाज दिलेला नाही. आणि माझ्यात तर तेव्हा उजेडही नव्हता.

"ऊन लागलं तुले," बाई म्हणाल्या. "हे साखर-मिठाचं पानी पे. घरी जाऊन पड. संध्याकाळी येतो मी."

तो त्याच भिजल्या सदऱ्यात घरी गेला. सदऱ्याला पाणी नव्हतं, औषध होतं. संध्याकाळी बाई गेल्या तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. गाडी केली, अमरावतीला नेलं. तिसऱ्या दिवशी देवमन गेला.

त्या रात्री बाईंनी खण उघडला. मला हातात धरून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबत राहिल्या. मी पेटले नाही. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. आणि एक कबूल करते. नवी चुकली याचं मला एक क्षणभर बरं वाटलं होतं. देवमनचं नाव आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

तेराव्यानंतर दुर्गाबाई उपकेंद्रात आली. कडेवर धाकटी, जी माझ्या उजेडात जन्मली होती. ती दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी माह्या मालकाच्या डोळ्यात पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं होतं."

"मंग काय दिसलं होतं तुमाले?"

ऊन लागलं होतं, उशीर झाला, मोठ्या दवाखान्यात नीट बघितलं नाही, असं पुष्कळ काही सांगता आलं असतं. गावाने बाईंवर विश्वास ठेवला असता. ललिताबाई खुर्चीवरून उठल्या.

"मले बॅटरीचा उजेड दिसला दुर्गा," त्या म्हणाल्या. "त्याचा डोळा नाही दिसला. चूक माही हाय."

दुर्गाबाईने धाकटीला कडेवर वर सरकवलं. मग ती निघून गेली. बाईंना तिने माफ केलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या बाजारी बाई मला घेऊन चांदूर बाजारला गेल्या. बद्रुद्दीनचाचा आता थकले होते. त्यांनी लिंबाच्या फोडीने माझा खार खरवडला, नवे सेल घातले, डब्यात संत्रं ठेवलं आणि स्वतःच डोकं घातलं. "एक बाजू गयी इसकी," ते म्हणाले. "पर रंग अब्बी सच्चा हाय." बाईंनी घडलेलं सांगितलं. मग चाचांनी जास्तीचे सेल बाईंच्या हातावर ठेवले आणि त्यांची मूठ मिटवली.

नवी बॅटरी अजून आहे. ती वाईट नाही, हे मी आता प्रामाणिकपणे सांगू शकते. रस्त्यावरचा साप तिलाच दिसतो, मला नाही. डोळ्याचं काम तिचं नव्हतं, एवढंच.

देवमन गेल्यावर पोट काही थांबत नाही. दुर्गाबाई आता दुसऱ्यांच्या शेतात फवारणीवाल्यांना पाणी वाहून द्यायला जाते. फवारणीचे दिवस आले की ललिताबाई दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जातात. कडुलिंबाच्या सावलीत सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून बसवतात आणि एकेकाच्या डोळ्यात मला धरतात. पहिल्या वर्षी दुर्गाबाई त्या रांगेत बसली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. गेल्या साली एक दिवस ती आली, सगळ्यांच्या शेवटी बसली, आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "पाहा."

बाईंनी थोडं थांबून बटण दाबलं. मी बाजूने, हळूच तिच्या डोळ्यावर आले. सावलीत बाहुली मोठी होती, काळीभोर. माझा उजेड लागला तशी ती लहान झाली.

"बरी हायेस," बाई म्हणाल्या.

"त्याइलेबी एकच डाव पाहून घरी धाडलं होतं तुमी," दुर्गाबाई म्हणाली. "आणखी एक डाव पाहा."

बाईंनी मला विझवलं. थांबल्या. पुन्हा पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठल्यातरी खणात माझ्यासारखी एखादी म्हातारी पडली असेल. तिचे सेल आजच बदला, येत्या बाजारावर टाकू नका. आणि कोणाला तपासायचं असेल तेव्हा त्याला आधी सावलीत न्या, थोडं थांबा, आणि एकदा पाहून झालं तरी आणखी एक डाव पाहा.